काळ्या शेवाळाचे कंदील

प्रभाआत्याला एक उघडा कंदील बघायचा होता, आणि तोही डावा डोळा जायच्या आत. एवढ्यासाठी आम्ही चौघं मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी आयर्लंडमधल्या डेरीव्हेच्या डोंगरात शिरलो!

हा कंदील कसला, ते आधी सांगते. प्रभाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, मुकुलची आत्या. उभा जन्म तिने पुण्यात शेवाळांचा अभ्यास करण्यात घालवला. मोरीत पाय घसरवतं ते शेवाळ नव्हे; खडकाला चिकटून वाढणारी, पानं-खोड असलेली इवलीइवली झाडं, ज्यांना मॉस म्हणतात, ती. त्यातही तिचा जीव जडला होता एका काळ्या शेवाळावर. अंटार्क्टिकाच्या अलीकडे, वादळी समुद्रात काही ओसाड बेटं आहेत. तिथल्या उघड्या खडकांवर ते वाढतं, आणि तेही मोजक्याच ठिकाणी. त्याच्या बीजाणूंची कुपी टाचणीच्या डोक्याहून लहान असते. हवा कोरडी झाली की कुपीला चार उभ्या फटी पडतात, पोट फुगतं, पण टोक जुळलेलंच राहतं. हुबेहूब दिवाळीतला आकाशकंदील. ओल लागली की फटी मिटतात.

तरुणपणी आत्या एका मोहिमेबरोबर तिथवर गेली होती. बेट समोर दिसत होतं, पण लाटा अशा की होडी काठाला लागेना. शेवटी जहाज माघारी फिरलं. पुढे दुसऱ्या कुणी आणलेली वाळकी रोपं तिच्या टेबलावर आली, पण त्यात कुप्या नव्हत्याच. त्या शेवाळाची चित्रं आत्याने काढली, त्यावर तिचं नाव झालं, कंदील मात्र राहून गेला. आणि आता तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, नुसते कान दिसत. डावाही त्याच वाटेवर होता.

"बेटावर आता मला कोण नेणार?" लेटरकेनीला आमच्याकडे आल्यावर पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "पण त्याचं एक भावंड तुमच्या दाराशी आहे."

हे भावंड शोधून काढलं होतं आत्याच्या जुन्या विद्यार्थिनीने. कौमुदी तिचं नाव. ती डब्लिनला नोकरी करते, डून लेरीत राहते आणि सुट्ट्या डोंगरांत काढते. त्याच कुळातलं आणि तितकंच दुर्मीळ शेवाळ तिला दोन वर्षांपूर्वी डेरीव्हेमध्ये एका कड्याखालच्या एकाच खडकावर सापडलं होतं. तिने नकाशा पाठवला आणि फोनवर बजावलं, "मॅडम, खडक नक्की मिळेल. पण मी आठवडाभर तिथे होते, आठवडाभर पाऊस होता. एकही कंदील उघडला नाही."

आयर्लंडमध्ये कोरडी हवा मागणं म्हणजे वाळवंटात होडी मागणं! पण त्या आठवड्यात पूर्वेचा वारा सुटला. आमच्या दोरीवरचे कपडे चक्क वाळले. आत्या रोज सकाळी मागच्या दारी जाऊन टॉवेल चाचपायची. शुक्रवारी ती आत आली आणि म्हणाली, "मुकुल, उद्या." पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं विमान होतं. नंतरचा शनिवार नव्हताच.

चौथी आमची वाटाडी, ग्रॉनिया. मुकुल लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूल देतो, ती त्याच थिएटरमध्ये नर्स आहे, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात अडकलेल्या माणसांना खाली आणणाऱ्या पथकात असते. तिने गाडीत बसल्याबसल्या डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं, "युअर मॅन इज ग्रँड टुडे." इथे कुणालाही, अगदी डोंगरालाही, 'युअर मॅन' म्हणतात. मग तिने जोडलं, "पण त्याचा मूड दुपारी फिरतो. मी 'वळा' म्हटलं की वळायचं. नो आर्ग्युमेंट्स."

"अगं, मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय," मुकुल म्हणाला.

"दॅट्स ग्रँड," ग्रॉनिया म्हणाली. या शब्दाचे इथे शंभर अर्थ होतात आणि तिने त्यातला सर्वांत कोरडा वापरला.

मागच्या सीटवर आत्या वाती वळत होती. यंदा अधिक महिना आला होता. साताऱ्याला माझ्या सासूबाईंचं दीपदान चालू होतं, आणि त्यांचा हट्ट असा की महिनाअखेरच्या दिव्यांना वाती प्रभाच्याच हातच्या हव्यात. आत्याचं देवाधर्माशी बेताचंच, पण वहिनीचा शब्द ती मोडत नसे. शिवाय कापूस वळायला डोळे लागत नाहीत. बोटं चालत होती आणि वातींचा जुडगा भरत होता. गाडी थांबली तेव्हा तिने तो कापसासकट डबीत घालून जाकिटाच्या खिशात टाकला.

हरणांसाठी घातलेल्या उंच कुंपणाचं फाटक ओलांडलं आणि डोंगर सुरू झाला. रस्त्याकडेची पिवळी काटेरी फुलं मागे पडली, पुढे नुसतं तपकिरी गवत, त्यात चमकणारी डबकी, आणि पार वर करडे कडे. वारा पाठीवर होता. आत्याला पायाखालचं नेमकं तेवढंच दिसत नसे, म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली. मी पुढे, तिचा हात माझ्या सॅकच्या पट्ट्यावर. मी बोलत जायचं: "उजवा पाय वर, डावीकडे खड्डा, आता सपाट." गळ्यात तिचं भिंग, खिशात पाण्याची छोटी फवारणीची बाटली. वाटेत खडक आला की ती थांबे, वाळक्या शेवाळावर फुसफुस पाणी मारी, पानं उमलली की भिंग लावून, मान तिरकी करून बघे.

"ही साधी. हिची बहीणही साधी. चला."

"आत्या, अशी सगळ्यांची विचारपूस केलीस तर उद्या पोचू," मुकुल ओरडला. तो चाळीसएक पावलं पुढे होता. समोर गवताच्या मधोमध एक सुरेख हिरवागार पट्टा पसरला होता, गालिच्यासारखा. सह्याद्रीत हिरवळ दिसली की माणूस टेकतो. मुकुल तिकडे वळला. "इकडून या! मस्त सपाट आहे!"

आत्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हिरवा रंग बरोबर दिसला. "मुकुल, थांब! ते दलदलीचं शेवाळ आहे!"

उशीर झाला होता. त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला त्याने दुसरा रोवला. तो मांडीपर्यंत गेला! काळं पाणी वर आलं. तो हसायचा थांबला. "चैत्राली, खाली काही लागतच नाहीये गं."

"डोन्ट मूव्ह!" ग्रॉनिया धावली. तिने सॅकमधून दोरी काढली, स्वतः कडेच्या गवतावर पालथी झोपली, दोरीचा फास त्याच्याकडे फेकला. "काखेतून घाल. आता मागे झोप. पलंगावर झोपतोस तसा. झोप!" मुकुल चिखलात उताणा झाला. मी दोरी कमरेला गुंडाळली आणि टाचा रोवल्या. आत्या माझ्यामागे दोरी धरून बसली. ओढा! चिखल सोडेना. ओढा! पचक असा आवाज झाला आणि एक पाय सुटला. मग दुसरा. माझा नवरा पोटावर सरपटत काठाला आला, छातीपर्यंत काळाकुट्ट.

आत्याने त्याचं तोंड आपल्या रुमालाने पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "हरिश्चंद्रगडावर हे नव्हतं वाटतं?"

ग्रॉनियाला भाषा कळली नाही, पण ती सर्वांत मोठ्याने हसली.

पुढचा ओढा आम्ही दोरी धरूनच ओलांडला. त्यानंतर खडकांचा पसारा लागला. कड्यावरून कोसळलेले, घराएवढे, गाडीएवढे, पोत्याएवढे ग्रॅनाइटचे दगड आणि त्यांच्यामध्ये झाकलेल्या भेगा. "बसून, आत्या. हात खाली. आता सरका." दोनदा तिचा पाय भेगेत गेला, दोनदा मी पट्टा ओढून धरला. ती कुरकुरली नाही. एकदाच म्हणाली, "जहाजावरून परत फिरताना मी अठ्ठावीस वर्षांची होते. तेव्हा उडी मारायला हवी होती गं." मला तिची फार माया आली. मी नुसतं "डावा पाय वर" म्हटलं.

आणि मग तो खडक! कड्याच्या अगदी पायाशी, उत्तरेला तोंड करून, कौमुदीने सांगितला होता तस्साच, कासवाच्या पाठीचा. त्याच्यावर रुपयाएवढे काळपट ठिपके. दुरून कुणी म्हणेल काजळी लागलीये. वारा खडकावरून सूं सूं करत जात होता. मी हात लावून पाहिला. कोरडा! ठणठणीत कोरडा!

"आत्या, कोरडा आहे!"

आत्या गुडघ्यांवर बसली. तिने डाव्या हाताने भिंग धरलं, उजवा हात खिशात घातला, बाटली काढली, आणि फुस, फुस!

तिने पाणी मारलं होतं.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. सर्वांत आधी कळलं ते तिलाच. चाळीस वर्षं वाळक्या रोपांवर पाणी मारूनच तिने बघायला सुरुवात केली होती. हाताने आपलं काम केलं होतं, डोक्याला न विचारता. मी खाली वाकले तर काळ्या उशीतल्या कुप्या मिटत होत्या. मिटल्या. सगळ्या.

"काय केलं मी हे," आत्या म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "चैत्राली, काय केलं मी हे?"

"दुसरा ठिपका बघू!" मुकुल म्हणाला. पण बाटली चांगली होती आणि वारा जोराचा. तुषार साऱ्या खडकावर उडाले होते. आजूबाजूच्या खडकांवर तर तिच्या भाषेत सगळ्या साध्याच बहिणी.

"वाळेल की. वारा आहे," मी म्हटलं. आणि माझं बोलणं ऐकल्यासारखा वारा पडला.

इथे वारा पडला की दोन पाहुणे येतात. पहिले मिज, डोळ्यांना जेमतेम दिसणारे चावरे किडे. ते आमच्या मानांवर आणि कानांत तुटून पडले. दुसरा पश्चिमेकडून आला. ग्रॉनियाने माझ्या खांद्याला हात लावून दाखवलं: पलीकडच्या डोंगरधारेवरून पांढरा ढग खाली उतरत होता. "समोरची ती खाच दिसतेय? ढग तिथे पोचला की आपण निघतो. या दगडांत ढगात अडकलो तर कुणाचा तरी पाय मोडणार."

मुकुल ओणवा झाला आणि फुंकर घालायला लागला.

"फुंकू नकोस!" आत्याने त्याला मागे ढकललं. "श्वासात ओल असते, गाढवा!" पण त्या ओरडण्याने तिला पुन्हा शास्त्रज्ञ केलं. ती ताठ बसली. "पाणी उशीच्या आत, पानांच्या मध्ये धरून बसलंय. वरून पुसून चालायचं नाही, उशी उखडेल. आतून शोषून घ्यायला हवं. बारीक, मऊ, टोकदार काहीतरी..."

तिची बोटं जाकिटाच्या खिशावर जाऊन थांबली. मग तिने डबी काढली.

वाती! वहिनींच्या दिव्यांच्या वाती! तिने एक माझ्या हातात दिली. "मला टोक दिसणार नाही. तू लाव. उशीला टेकव फक्त, दाबू नकोस. दिव्यात वात तेल ओढते ना, तशी ती पाणी ओढेल."

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम करते. सुईच्या टोकाएवढ्या चुका पकडायचा पगार घेते. पण असा हात मी तिथेही कधी जपला नव्हता. वातीचं टोक काळ्या पानांना टेकवलं. पांढरा कापूस हळूहळू करडा होत वर ओला झाला. दुसरी वात. तिसरी. मिज माझ्या पापण्यांवर चावत होते, हात हलवता येत नव्हता. मुकुल नकाशाची घडी करून मंद वारा घालत होता. ग्रॉनिया ओल्या वाती गोळा करून आपल्या टोपीत टाकत होती आणि दर थोड्या वेळाने खाचेकडे बघत होती.

"चैत्राली," ती हलकेच म्हणाली. ढग खाचेच्या वर आला होता.

"आणखी एक," मी म्हटलं.

आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको. ती म्हणाली होती की वळायचं. माझ्या एका कंदिलासाठी तुमचा कुणाचा पाय मोडायला नको. चला, उठा." तिने बाटली खिशात टाकली आणि उठायला गुडघा रोवला. डोळे भरलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

मी शेवटची वात उचलली. आणि उशीच्या कडेला, जिथून मी पहिलं पाणी ओढलं होतं तिथे, काहीतरी हललं. "आत्या! बसा! उघडतोय!"

ती धपकन खाली बसली. भिंग लावलं. "कुठे? मला मध्ये नुसता डाग दिसतोय. कुठे गं?"

"समोर नका बघू! आमच्याकडे बघता तसं बघा, कडेने!"

तिने मान तिरकी केली. आणखी तिरकी केली. मग ती एकदम स्थिर झाली, इतकी की गालावर बसलेले मिजही तिला कळेनात.

"फट," ती म्हणाली. "दोन. तीन... चार. टोक जुळलेलं आहे. पोट फुगलंय. आतून तांबूस धूळ पडतेय." मग अगदी हळू, "किती छान आहे रे मुकुल. मी चित्रात काढला असता, तर फार जाड काढला असता."

तिने हट्टाने भिंग आम्हा तिघांना दिलं. मी पाहिला: काळा, इवला, चार फटींचा कंदील. ग्रॉनियाने पाहिला आणि स्वतःशीच काहीतरी आयरिशमध्ये पुटपुटली. मुकुलची पाळी येईपर्यंत ढगाचा पहिला गार पदर खडकावरून गेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कंदील मिटला.

"वळा!" ग्रॉनिया म्हणाली. कुणी वाद घातला नाही.

खाली येताना ढगाने आम्हाला गिळलं. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेना. ग्रॉनिया होकायंत्र धरून पुढे, दोरीत आम्ही एकामागे एक. त्या दगडांत मी दोनदा धडपडले, मुकुल तर विचारूच नका. पडली नाही ती आत्या! पायाने चाचपावं, भार टाकण्याआधी दगड हलवून बघावा, बोटांनी कड शोधावी, हे ती वर्षभर घरातल्या जिन्यांवर करत आली होती. आता सूचना ती देत होती: "चैत्राली, डावीकडचा डुगडुगतोय. बसून सरक." ओढ्याचा आवाज आला तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. हिरव्या पट्ट्याला आम्ही दुरून नमस्कार केला आणि लांबचा वळसा घेतला. हरणांच्या कुंपणाची जाळी हाताला लागली तेव्हा मुकुलने तिला मिठीच मारली.

गाडीत ग्रॉनियाने टोपी आत्याच्या मांडीवर रिकामी केली. ओल्या, करड्या वातींचा गोळा. आत्याने एकेक वात सोडवून सरळ केली, आणि घरी आल्यावर आमच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलवर ओळीने मांडली. चहा झाला. मग तिने न जेवता झोप काढली आणि झोपेत घोरली. इतकं निश्चिंत घोरणं मी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झालं, मुकुलच्या चिखलाच्या गोष्टीवर त्या भरपूर हसल्या, आणि मग मुद्द्यावर आल्या. "प्रभा, वाती झाल्या का वळून?"

"झाल्यात वहिनी. पण..." आत्या थांबली. मुकुलने माझ्याकडे पाहिलं. देवाच्या वाती शेवाळाला लावल्या हे सासूबाईंना कसं रुचेल, याची धाकधूक आम्हा दोघांनाही होती. पण आत्याने सरळ सगळं सांगितलं. जहाज, बाटली, फुसफुस, ढग, आणि चार फटी. "तर काही वाती त्यात भिजल्या. वाळवल्यात, पण वापरलेल्या आहेत. त्या मी टाकून देते आणि नव्या वळते."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"दिसला का पण तुला?"

"दिसला, वहिनी. चांगला दिसला."

"मग टाकतेस कशाला? त्या वेगळ्या बांधून आण. पहिल्या दिव्याला त्याच लावीन."

आत्या फोनकडे जरा तिरकं बघून हसली. वहिनीचा चेहरा तिला तसाच नीट दिसायचा.